पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर : संस्था उभारणाऱ्या एका गवयाचे चरित्र

या स्मरणिकेत दर वर्षी आपल्या शिंपी समाजातील एखाद्या कर्त्या पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा तो बाजूस ठेवून आम्ही ज्ञातीबाहेरील, नगर जिल्ह्याबाहेरील आणि आपल्या रोजच्या व्यवहाराशी वरवर पाहता कोणतेच नाते नसलेल्या एका गवयाचे चरित्र ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. त्याचे कारण प्रथमच सांगणे बरे. आपल्या तालुक्या-तालुक्यांतील शाखांच्या बैठकांत गेली कित्येक वर्षे एकच तक्रार ऐकू येते. कामाला माणसे मिळत नाहीत, मिळाली तर टिकत नाहीत, वर्गणी जमते ती श्रीनामदेव महाराजांच्या पुण्यतिथीच्या उत्सवापुरती, आणि दोन-तीन वयोवृद्ध गृहस्थ थकले की शाखा बंद पडते. अशा वेळी नेतृत्व म्हणजे काय, पुढारी कशाने होतो आणि त्याच्यामागे काय उरते, याचा विचार करावयाचा तर व्याख्यानापेक्षा एखादे घडलेले चरित्रच डोळ्यांपुढे असावे असे आम्हांस वाटते. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे चरित्र या कामी जितके उपयोगी आहे तितके दुसरे आमच्या पाहण्यात नाही. आणि त्यात त्यांच्या यशाइतकेच त्यांचे अपयशही आम्ही मोलाचे मानतो.

विष्णुबुवांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. घराणे मूळचे पलूस गावचे, म्हणून पलुस्कर. वडील दिगंबरबुवा हे कीर्तनकार होते. कीर्तनकाराच्या घरातील मुलास ताल, स्वर आणि श्रोत्यांची नाडी या तिन्ही गोष्टी न शिकविता कळू लागतात, हे आपल्या समाजाला निराळे सांगावयास नको. संत नामदेवांचे नाव सांगणाऱ्या आपल्या घरांतून कीर्तनाची परंपरा आजही आहे. कुरुंदवाड हे पटवर्धनांचे लहानसे संस्थान. तेथील राजघराण्याचा या मुलावर लोभ होता आणि तो इंग्रजी शाळेत जाऊन पुढे चार पैसे मिळविता झाला असता. परंतु बालपणीच दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याच्या दारूने चेहरा भाजून त्याची दृष्टी अधू झाली. पुस्तके वाचणे दुरापास्त झाले आणि शाळेचा मार्ग खुंटला. तेव्हा गाणे शिकवावे असे ठरून त्यास मिरजेस धाडण्यात आले.

मिरजेस त्या वेळी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणणारे ते हेच. ती विद्या मिळविण्यासाठी त्यांनी तरुणपणी घरदार सोडून उत्तरेचा खडतर प्रवास केला होता आणि वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी राहून ती संपादन केली होती. वासुदेवबुवांना ती लाभली होती ग्वाल्हेर दरबारच्या हद्दूखाँ-हस्सूखाँ या बंधूंकडून. विद्येला ज्ञात नसते आणि धर्मही नसतो, याची ही साखळी साक्ष आहे. अशा गुरूपाशी विष्णुबुवांनी वर्षानुवर्षे मेहनत केली. मिरजेच्या अधिपतींचा त्यांस आश्रय होता. राहण्याजेवण्याची विवंचना नव्हती. आणखी काही वर्षांनी दरबारी गवई म्हणून नेमणूक होऊन सुखाचे आयुष्य गेले असते.

परंतु एक प्रसंग घडला असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मिरजेत एक मोठा समारंभ होता आणि गावातील प्रतिष्ठित मंडळींस निमंत्रणे गेली होती. विष्णुबुवांसही निमंत्रण आले, कारण त्यांच्यावर राजाची मर्जी होती. त्यांच्या गुरूंस मात्र आले नाही. चौकशी करता कळले की गवयांस अशा बैठकीत बोलाविण्याची रीत नाही. शिष्यास राजाचा आश्रित म्हणून मान, आणि ज्याने त्यास विद्या दिली त्यास मात्र गाणारा म्हणून दाराबाहेर ठेवावयाचे, हा प्रकार त्या तरुणाच्या मनाला फार लागला.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. दरबारचे अंगरखे ज्यांनी शिवले त्यांस दरबारात बसण्याची जागा नव्हती, ही गोष्ट आपल्या वाडवडिलांना ठाऊक होती. कसबी माणसाचे काम हवे, माणूस नको, हा त्या काळचा सर्वसाधारण न्याय होता. मग तो गवई असो, शिंपी असो, सोनार असो की सुतार. असा अपमान पुष्कळांच्या वाट्याला येतो. कोणी तो गिळतात, कोणी त्यावर आयुष्यभर कडवटपणे बोलतात. कोणी स्वतःपुरता मान मिळवून घेतात आणि मागे राहिलेल्यांकडे पाठ फिरवितात, आणि हा तिसरा मार्गच सर्वांत सोपा असतो. विष्णुबुवांस तर तो मान मिळालेलाच होता. त्यांनी तो नाकारला आणि साऱ्या गवयांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आपल्या शिरावर घेतला. पुढारीपणाचा आरंभ आम्हांस येथे दिसतो.

१८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. औंध, सातारा, बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा तो प्रवास आहे. जेथे जावे तेथे गाणे करावे, लोकांची अभिरुची पाहावी, तेथील विद्या शिकून घ्यावी. मथुरेस त्यांनी व्रजभाषेचा अभ्यास केला, कारण ज्या भाषेतील चिजा आपण गातो त्या भाषेचा अर्थच गवयांस कळत नाही ही त्यांची खंत होती. सौराष्ट्रात त्यांनी एक नवीच गोष्ट केली. राजवाडा किंवा मंदिर सोडून उघड्या सभागृहात, अल्प दराचे तिकीट लावून, कोणाही नागरिकास येता येईल असा जलसा केला. आज यात कोणास काही विशेष वाटणार नाही. परंतु एका राजाने दिलेल्या शंभर रुपयांपेक्षा शंभर नागरिकांनी दिलेल्या एकेका रुपयाने कलावंताची मान अधिक ताठ राहते, हे ज्याला त्या काळी उमगले त्याची दृष्टी अधू होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

गिरनारवर एका साधूने त्यांस उत्तरेस जाण्याची आज्ञा केली अशी आख्यायिका आहे. ती असो वा नसो, ते पंजाबात गेले आणि लाहोर येथे स्थिरावले. सहाशे वर्षांपूर्वी संत नामदेव पंढरपूरहून निघून पंजाबात गेले, घुमान येथे राहिले, आणि त्यांची पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात जाऊन बसली. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले तेव्हा आपल्या समाजातील अनेकांना त्या भूमीचे नव्याने स्मरण झाले असेल. कीर्तनकाराचा हा मुलगाही त्याच प्रांतात, भाषा परकी, माणसे परकी, हवा परकी, अशा स्थितीत आपले कार्य मांडून बसला, हे आम्हांस केवळ योगायोगाचे वाटत नाही. घराजवळ मान्यता मिळविणे आणि जेथे आपले गोत्रही कोणास ठाऊक नाही तेथे ती मिळविणे, यांत फार अंतर आहे.

५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालयाची स्थापना झाली. तोवर गाणे शिकावयाचे तर गुरूच्या घरी राहावे, त्याची सेवा करावी, आणि त्याची मर्जी असेल तेव्हा तो देईल ते घ्यावे, अशी पद्धत होती. विष्णुबुवांनी शाळा काढली. तीत ठराविक वेळ, ठराविक अभ्यासक्रम, इयत्ता आणि परीक्षा होत्या. फी देईल त्याला शिकण्याचा अधिकार, आणि तीही एखाद्या राजाच्या खजिन्यावर अवलंबून न राहता फी, देणग्या व जलशांचे उत्पन्न यांवर चालावयाची. आरंभी कोणी फिरकेना. शिक्षक तयार, तंबोरा जुळलेला, दिवस उगवे आणि मावळे, आणि विद्यार्थी एकही नाही. बुवा रोज नेमल्या वेळी शाळा उघडीत, आसनावर बसत आणि स्वतःच रियाज करीत. वेळ संपली की शाळा बंद करीत. हळूहळू माणसे डोकावू लागली, मग बसू लागली, मग मुलांना पाठवू लागली.

आमच्या मते या चरित्रातील सर्वांत मोठा प्रसंग हाच आहे. त्यात नाट्य काहीच नाही म्हणून तो दुर्लक्षिला जातो. सभेला पाच माणसे आली म्हणून पुढची सभाच रद्द करणारे चिटणीस आपण पाहिले आहेत. उद्घाटनास पाचशे आणि पहिल्या मासिक बैठकीस चार, हा अनुभव कोणत्या शाखेस नाही? अशा वेळी नेमल्या वेळी दार उघडून बसणारा एक माणूस लागतो. त्याने लोकांवर रागवावयाचे नाही, वर्तमानपत्रात उद्वेग प्रकट करावयाचा नाही. फक्त दार उघडावयाचे आणि आपले काम चोख करीत बसावयाचे.

शाळा उघडून फार काळ लोटला नव्हता, तोच वडील निवर्तल्याची वार्ता आली. बुवा दक्षिणेत गेले नाहीत. नुकती रुजू लागलेली शाळा सोडून गेलो तर ती परतल्यावर सापडणार नाही असा त्यांचा विचार होता. हा निर्णय योग्य की अयोग्य, याविषयी आमच्यातच दोन मते आहेत, आणि ती आम्ही लपवीत नाही. ज्या पित्याने कीर्तनातून स्वर कानी घातला त्याच्या उत्तरकार्यास पुत्राने न जावे, हे पुष्कळांस रुचणार नाही. संस्थेपायी घराकडे पाठ फिरविणाऱ्यांची घरे काय भोगतात हेही आम्ही जाणतो. परंतु त्या बातमीनंतरही शाळा चालू राहिली याचा लाहोरच्या प्रतिष्ठित मंडळींवर खोल परिणाम झाला आणि मदतीचा ओघ त्यानंतर वाढला, एवढे मात्र चरित्रकार नमूद करतात.

यानंतरची त्यांची मुख्य योजना म्हणजे उपदेशक वर्ग. शाळेत येणारी बहुतेक मुले छंद म्हणून शिकणार आणि जाणार हे त्यांनी ओळखले होते. संस्था वाढवावयाची तर गाणारे पुरत नाहीत, गाणे शिकविणारे लागतात. म्हणून गरीब, होतकरू मुले निवडावयाची, त्यांचे अन्न, वस्त्र, निवास आणि शिक्षण सारे विद्यालयाने करावयाचे, आणि त्यांनी सुमारे नऊ वर्षे तेथे राहून विद्या घ्यावयाची व शिकवावयाचीही, असा करारच असे. पहाटेपासून रात्रीपर्यंत दिनक्रम बांधलेला. गाण्याबरोबर तबला, इतर वाद्ये, स्वरलेखन, पत्रव्यवहार, जलशांची व्यवस्था, सारे शिकावे लागे. विद्यालयाचे स्वतःचे वाद्ये तयार करण्याचे व दुरुस्तीचे काम होते, छापखाना होता. त्यात क्रमिक पुस्तके छापली जात आणि ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिकही निघत असे. तंबोऱ्याची तार कशी ओढावी हे ज्यास येते त्यानेच खुंटी कशी बसवावी हेही जाणावे, ही शिस्त आपल्यासारख्या हातकसबाच्या समाजास परकी नाही. आपल्याकडेही काज-बटणापासून आरंभ केलेल्या मुलालाच पुढे कातर हाती देत असत.

या वर्गातून कोण निघाले हे पाहावे. भडोचकडचे ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व शंकरराव व्यास हे बंधू, बा. र. देवधर, नारायण मोरेश्वर खरे, वामनराव पाध्ये. यांतील ओंकारनाथांस १९१६ मध्ये लाहोर शाखेचे प्राचार्य नेमले तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. ज्या शाखेवर बुवांनी आपला प्राण ओतला होता ती त्यांनी एका पोरसवदा शिष्याच्या हाती दिली! आपल्या संस्थांतून चाळिशीच्या माणसालाही तरुण कार्यकर्ता म्हणून मागील बाकावर बसविण्याची जी चाल आहे, तिच्याशी हे ताडून पाहावे. ओंकारनाथ पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयातील संगीत महाविद्यालयाचे प्रमुख झाले. खरे यांस महात्माजींच्या साबरमती आश्रमासाठी बुवांनी दिले. एवढा तयार शिष्य स्वतःजवळ न ठेवता दुसऱ्याच्या कार्यास देणे, ही उदारता संस्थाचालकांत क्वचित आढळते. आश्रमाची भजनावली खरे यांनी सिद्ध केली आणि १९३० च्या दांडीयात्रेत महात्माजींबरोबर चालणाऱ्यांत ते होते.

रचनाकार म्हणून विष्णुबुवांचे कार्य त्यांच्या या संस्थाकार्यातूनच उगवलेले आहे. एकट्याने मैफल रंगविण्यासाठी रचना करणारे पुष्कळ झाले. बुवांना हव्या होत्या त्या शंभर मुलांनी एका सुरात म्हणावयाच्या, घरातील स्त्रियांस निःसंकोच गाता येतील अशा चिजा. त्या वेळच्या पुष्कळ बंदिशींचे शब्द उघड शृंगाराचे असल्याने सभ्य घरांतून गाणे शिकविण्यास लोक कचरत. बुवांनी ते शब्द बदलले, आणि तुलसीदास, सूरदास, कबीर, मीराबाई यांची पदे रागांत बसविली. वंदे मातरम् हे गीत त्यांनी काफी रागात बसवून काँग्रेसच्या अधिवेशनांतून गायिले. महात्माजींच्या प्रार्थनेतून देशभर पसरलेल्या रामधुनीची चालही त्यांच्याच नावाशी जोडली जाते. स्त्रियांस आणि मुलींस संगीताचे शिक्षण देण्याचा त्यांनी आग्रह धरला. गाणारी स्त्री म्हणजे हलकी स्त्री ही समजूत मोडण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आज आपल्या घरांतील मुली पेटी घेऊन बसतात आणि कोणी भुवया उंचावीत नाही, त्यामागे या माणसाचे कष्ट आहेत.

यास दुसरी बाजूही आहे. शब्द बदलताना रचनेतील मूळचा रस उणावला अशी टीका जाणकारांनी केली. सर्व विद्यार्थ्यांस एकाच साच्यातून काढल्याने गाण्यातील स्वातंत्र्य मावळते असाही आक्षेप होता. त्यांची स्वरलेखनपद्धती बारकाव्याची, परंतु किचकट होती. त्यांचे समकालीन पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची पद्धती सोपी असल्याने पुढे तीच अधिक रूढ झाली. भातखंड्यांचा मार्गही निराळा. त्यांनी गावोगाव हिंडून, हिंदू-मुसलमान उस्तादांकडून हजारो चिजा टिपून घेतल्या, रागांची शास्त्रशुद्ध मांडणी केली, १९१६ मध्ये बडोद्यास संगीत परिषद भरविली आणि १९२६ मध्ये लखनौस सरकारी साहाय्याने महाविद्यालय उभे केले. दोन्ही विष्णूंचे एकमेकांशी फारसे जमले नाही. एकाने विद्या ग्रंथात साठविली, दुसऱ्याने माणसांत. दोघे एकत्र आले असते तर, असे वाटून जाते. परंतु कर्त्या पुरुषांची अशी जोडी जमणे आपल्या देशाच्या भाग्यात सहसा नसते.

आता अपयशाकडे वळू. १९०८ मध्ये बुवांनी मुंबईस गांधर्व महाविद्यालय काढले आणि पुढे तेच मुख्य केंद्र झाले. विद्यार्थी वाढले, कीर्ती वाढली, आणि संस्थेस स्वतःची भव्य वास्तू असावी ही आकांक्षा उत्पन्न झाली. सँडहर्स्ट रोडवर जागा घेऊन इमारत बांधली गेली. तिच्यासाठी कर्ज काढले गेले. जलसे करून ते फेडावयाचे असा हिशेब होता. एक माणूस गावोगाव हिंडून गातो, पैसे आणतो आणि सावकाराचा हप्ता भागवितो, असा तो सारा डोलारा होता. प्रकृती थकली, जलशांचे उत्पन्न घटले, बुवांचे चित्त रामनामाकडे व रामायणाच्या प्रवचनांकडे अधिकाधिक वळू लागले, आणि हप्ते थकले. अखेर १९२० नंतरच्या दशकात सावकारांनी फिर्याद करून ती वास्तू लिलावात काढली. तीत वाद्ये होती, तसबिरी होत्या, वर्षांची जमवाजमव होती. सारे गेले.

या प्रसंगी आपल्या जिल्ह्यातील एका उदाहरणाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने महाराष्ट्रातील पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५० च्या अखेरीस त्याचे पहिले गाळप सुरू झाले. कर्ज त्यांनीही घेतले होते. परंतु गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपापले भाग घेतलेले होते आणि त्या कर्जाचा भार त्या साऱ्यांच्या खांद्यांवर विभागलेला होता. विठ्ठलराव स्वतः फारसे शिकलेले नव्हते. पण अध्यक्षपदी अर्थशास्त्र जाणणाऱ्या गाडगिळांस बसविण्याइतके त्यांचे मन मोठे होते. विष्णुबुवांपाशी हिशेब पाहणारा असा कोणी गाडगीळ नव्हता, किंवा असल्यास त्याचे चालत नव्हते. सारा विश्वास एका माणसावर, सारे ऋण एका माणसाच्या नावावर, ही संस्थेची सर्वांत दुबळी रचना होय. आपल्या मंडळातही सभागृहाची चर्चा अधूनमधून निघते. ती करणाऱ्यांनी सँडहर्स्ट रोडवरील त्या इमारतीचा इतिहास अवश्य वाचावा, आणि कर्जाच्या कागदावर किती जणांच्या सह्या असणार आहेत ते आधी मोजावे.

वास्तू गेल्यावर बुवा नाशिकास आले. तेथे त्यांनी रामनाम-आधाराश्रम आधीच स्थापन केला होता. भगवी वस्त्रे, रामायणाची प्रवचने, नामस्मरण असा उत्तरकाळ त्यांनी तेथे घालविला. मोजके शिष्य जवळ होते. घरचे दुःख तर सांगण्यापलीकडचे. बारा अपत्यांपैकी एकच, दत्तात्रेय हा मुलगा, जगला. त्याचा जन्म १९२१ मध्ये नाशिकलाच झाला. ज्याने देशभर शाळा काढल्या त्याच्या हाती शेवटी ना इमारत राहिली, ना पैसा, ना भरले घर. २१ ऑगस्ट १९३१ रोजी, ज्या मिरजेतून ते पस्तीस वर्षांपूर्वी बाहेर पडले होते त्याच मिरजेत, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी त्यांचा अंत झाला.

लौकिक दृष्टीने पाहता ही एका फसलेल्या संस्थेची कहाणी ठरावयास हवी होती. परंतु त्याच वर्षी, १९३१ मध्ये, त्यांचे शिष्य अहमदाबादेस एकत्र जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. हे सारे शिष्य एकमेकांचे प्रतिस्पर्धी गवई होते हे ध्यानात घ्यावे. ओंकारनाथ आणि विनायकराव हे एका व्यासपीठावर सहज मावणारे नव्हेत. तरी गुरूचे कार्य एका माणसाच्या नावावर न ठेवता मंडळाच्या नावावर ठेवावयाचे, एवढे शहाणपण त्यांनी मुंबईच्या लिलावातून उचलले. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आज देशभर होतात. नगरमधील ज्या मुली प्रारंभिक, प्रवेशिका किंवा विशारद यांची तयारी करतात, त्यांच्या प्रमाणपत्रावरील नाव लाहोरच्या त्या रिकाम्या वर्गातून आलेले आहे.

विनायकराव पटवर्धन १९२२ पासून बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत नायकाच्या भूमिका करीत होते. नाव होते, पैसा होता. गुरूंच्या निधनानंतर त्यांनी रंगभूमी सोडली आणि ८ मे १९३२ रोजी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. देवधरांनी मुंबईस १९२५ मध्येच आपली संगीतशाळा काढली होती. कुमार गंधर्व तेथेच शिकले. इमारतीला सावकाराची जप्ती लागते, तयार झालेल्या माणसाला लागत नाही.

उरला तो दहा वर्षांचा पोरका मुलगा दत्तात्रेय. वडिलांकडून प्रत्यक्ष तालीम घेण्याइतके त्याचे वय झालेच नव्हते. ती जबाबदारी शिष्यांनी घेतली. पुण्यात विनायकरावांनी त्यास आपल्या विद्यालयात ठेवून शिकविले, नारायणराव व्यासांनीही शिकविले. गुरूंनी आपणांस जे दिले तेच, कोणताही हात आखडता न घेता, त्याच्या गळ्यात उतरविले. पुढे द. वि. पलुस्कर या नावाने तो मुलगा महाराष्ट्राचा लाडका गायक झाला. १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले तेव्हा अनेक घरांत आपलेच माणूस गेल्याचे दुःख झाले. परंतु त्याची पहिली मोठी मैफल झाली ती १९३५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, पंजाबात, जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात, जेथे पूर्वी त्याचे वडील गायिले होते. पंजाबी श्रोत्यांनी विष्णु दिगंबरांच्या मुलाचे गाणे त्या दिवशी प्रथम ऐकले.